मोटारीचा रात्रीचा मुक्काम

रायपूरचा जी. ई. रोड सोडून चौबे कॉलनीच्या गल्ल्यांत शिरले की फाटकाआडच्या मोटारींत आता मधूनमधून हिरवी पाटी दिसते. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे, ही खाजगी मालकीच्या विजेच्या मोटारीची खूण. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वसाहतीत असल्याने मराठी माणसाला हा भाग परका वाटत नाही. 1956 पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्यांच्या सीमा पुढे दोनदा बदलल्या, तरी येथील अनेक घरांचे सोयरसंबंध अजून नागपूर-भंडाऱ्याकडेच आहेत. विजेच्या मोटारीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण या मोटारीला कॉलनीतील भाजीबाजार सोपा आणि नागपूर अवघड!

अशी मोटार घेतलेल्या माणसाला दूधवाल्यापासून बँकेतील अधिकाऱ्यापर्यंत सर्वजण एकच प्रश्न विचारतात: “एक बार में कितना चलती है?” प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो पेट्रोलच्या सवयीतून आलेला आहे. 2020 च्या जानेवारीत बाजारात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन गाडीचे उदाहरण घेऊ. तिची बॅटरी 30.2 युनिटांची होती आणि प्रमाणपत्रावरील मजल 312 किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर, वातानुकूलन चालू ठेवून, दोनशेच्या आसपास मजल मिळाली की मालक समाधान मानी. त्यानंतरच्या गाड्यांत मोठ्या बॅटऱ्या आल्या, तरी कागद आणि रस्ता यांतील अंतर पुरते मिटलेले नाही. परंतु चौबे कॉलनीतून नवा रायपूरच्या कचेरीत जाऊन परतणाऱ्या गृहस्थाचा दिवस पन्नासेक किलोमीटरांत आटोपतो. मुलांची शाळा, बाजार आणि रेल्वे स्टेशन एवढेच करणाऱ्या घराचा त्याहून कमी. तेव्हा खरा प्रश्न मजलेचा नसून मुक्कामाचा आहे. ही मोटार रात्री कोठे उभी राहते? तिच्या शेजारच्या भिंतीत काय आहे? विजेच्या मोटारीचे सुखदुःख बहुतांशी या दोन प्रश्नांवर ठरते.

भिंतीत पंधरा अँपिअरचा चांगला सॉकेट असला तर त्यातून तासाला सुमारे तीन युनिटे मोटारीत जातात. दिवसाला चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीला, वाटेत वाया जाणारी वीज धरून, सात युनिटे लागतात. म्हणजे अडीच तासांत काम झाले. पण येथेच पुष्कळ घरे अडखळतात. जुन्या बंगल्यांतील तारा पंखे आणि दिवे यांच्या हिशेबाने घातलेल्या असतात. गीझर दहा-पंधरा मिनिटे ओढतो आणि थांबतो. मोटार तेवढाच भार तासन् तास ओढत राहते. सैल जोडणी असेल तर सॉकेट तापतो, पिवळा पडतो आणि मग वितळतो. लांबवर नेलेली साधी एक्स्टेन्शनची वायर तर कटाक्षाने टाळावी. मोटारीसाठी मीटरपासून वेगळी, जाड तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच एवढी व्यवस्था जाणत्या वायरमनकडून करून घेतल्यावाचून पहिली रात्र काढू नये.

आणि अर्थिंग! या एका शब्दाने कित्येक नव्या मालकांची पहिली संध्याकाळ वाया घालवली आहे. मोटारीबरोबर येणारे चार्जिंगचे यंत्र मोठे चोखंदळ असते. घरातील फ्रिज, दूरदर्शन संच आणि मिक्सर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत आलेले असतात. हे यंत्र मात्र लाल दिवा दाखवून स्वस्थ बसते. घरमालक यंत्राला दोष देतो आणि दोष निघतो अंगणातल्या खड्ड्यात. मीठ आणि कोळसा घालून केलेली जुन्या पद्धतीची अर्थिंग जमीन ओलसर असेपर्यंतच नीट काम देते. रायपूरचा उन्हाळा पारा पंचेचाळीस अंशांकडे नेतो, जमीन भेगाळते, आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग मे महिन्यात नापास होते. तुळशीला पाणी घालताना त्या खड्ड्यातही एक बादली ओतण्याचा शिरस्ता ज्या घरात पडला, तेथे हा लाल दिवा क्वचितच दिसतो. वास्तविक हा दोष मोटारीने निर्माण केला नाही. तिने तो उघडकीस आणला. विजेचा धक्का बसण्याची जी भीती घरातील बायकामुलांवर इतकी वर्षे टांगलेली होती, ती एका लाल दिव्याने दाखवून दिली, हा लाभ जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

उन्हाळ्याची आणखी एक खबरदारी. भर दुपारी लांबून आलेली, तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. तासभर सावलीत निवू द्यावी. रात्री दहानंतर, घरातील एसी आणि कूलर यांच्या गर्दीत न शिरता, तिचे जेवण उरकावे हे उत्तम. शहरातील रोजच्या वापरासाठी बॅटरी वीस टक्क्यांखाली उतरू न देणे आणि बहुधा ऐंशीवर थांबणे हिताचे असते. काही प्रकारच्या बॅटऱ्या मात्र अधूनमधून पूर्ण भराव्या लागतात. त्याबाबत शेजाऱ्याचा सल्ला न घेता गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचावी.

खर्चाचा हिशेब गृहिणीला लगेच पटतो. युनिटचा दर सहा रुपये धरला तर चाळीस किलोमीटरांना बेचाळीस रुपये. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला तेवढ्याच अंतराला अडीचशेहून अधिक. पण महिन्याची पावणेदोनशे युनिटे घरच्या बिलात मिसळतात, हे विसरून चालत नाही. छत्तीसगडात 2019 पासून घरगुती ग्राहकांना 400 युनिटांपर्यंत निम्म्या बिलाची सवलत होती. 2025 मध्ये ही मर्यादा बरीच खाली आली. वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दरही लागतो. तेव्हा बचत होतेच, मात्र विक्रेता कागदावर काढून दाखवतो तेवढी नव्हे.

हे सारे झाले ज्यांच्या अंगणात मोटार उभी राहते त्यांचे. कॉलनीत आणि तिच्या आसपास जुने बंगले पाडून चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने काय करावे? मीटर तळमजल्यावर एका रांगेत, मोटारीची जागा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या भिंतीवरून तार नेण्यास सोसायटीची परवानगी हवी. सभेत प्रश्न उठतात: आग लागली तर जबाबदार कोण? वीज सामाईक मीटरवर तर पडणार नाही ना? उद्या दहाजणांनी मोटारी आणल्या तर इमारतीचा भार पेलेल काय? या शंका खोडसाळ नाहीत; शेवटची तर अगदी रास्त आहे. केंद्र सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत ग्राहक-हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून मोटारीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याची मुभा दिली. पण जोडणी मिळाल्यावरही तार कोणत्या भिंतीवरून जावी, हे शेवटी शेजाऱ्यांनीच ठरवायचे असते. एकेका मालकाने स्वतंत्रपणे तारा ओढण्याऐवजी सर्वांनी मिळून पुरेशा क्षमतेची एकच व्यवस्था करावी, तीत प्रत्येकाचा मीटर वेगळा असावा. खर्च कमी येतो आणि भांडणेही. अंगणवाल्याला पाच-सहा रुपयांना पडणारे युनिट बाहेरच्या जलद चार्जरवर दुपटी-तिपटीने घ्यावे लागते. स्वस्त वीज बंगलेवाल्याला आणि महाग वीज भाडेकरूला, असा हा उलटा न्याय आहे आणि तो खुपतो.

मोटारीच्या मागून धूर निघत नाही, हे कॉलनीला सुखाचे आहे. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांची काळी धूळ गच्चीवरून झाडणाऱ्या रायपूरकरांना त्याचे मोल सांगावयास नको. तथापि ही वीज येते कोठून? हसदेव नदीकाठच्या कोरब्यात केवळ एनटीपीसीच्या एकाच केंद्राची क्षमता 2600 मेगावॉट आहे, आणि तेथे जळतो तो कोळसा. देशातील विजेच्या सरासरीने पाहिले तर एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो. आपल्या सात युनिटांचा पाच किलो. पेट्रोलच्या गाडीचा तेवढ्याच अंतरात सहा ते सात किलो. फरक आहे, पण थोडा; आणि चौबे कॉलनीत न निघालेल्या धुराचा एक वाटा कोरब्याच्या माणसांच्या छातीत जातो. ज्यांच्या डोक्यावर स्वतःची गच्ची आहे त्यांना मार्ग खुला आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला केंद्राचे 78,000 रुपये साहाय्य मिळते, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी असा संच बाराएक युनिटे देतो. मोटारीची गरज भागून वर घरालाही उरेल एवढी ही वीज आहे.

आता नागपूर. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा हा सुमारे तीनशे किलोमीटरांचा रस्ता लहान बॅटरीची गाडी एका दमात पार करू शकत नाही. वाटेत एकदा तरी जलद चार्जरवर थांबावे लागते. दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत बहुधा तासाभरात जाता येते, पण उरलेले वीस टक्के बॅटरी सावकाश घेते. म्हणून ऐंशीला तार काढून पुढच्या माणसाला जागा देणे, हा या रस्त्यावरचा शिष्टाचार होय. चार्जर बंद असण्याचाही अनुभव येतो. देवरी-साकोलीच्या जंगलपट्ट्यात रात्री वयस्क आई मागच्या आसनावर बसलेली असताना आकडा पंधरावर पाहावा लागू नये, यासाठी दुसऱ्या चार्जरपर्यंत पोहोचण्याइतकी वीज नेहमी शिल्लक ठेवूनच पहिल्या चार्जरकडे वळावे.

खुद्द नागपूरने हा धडा आधीच गिरवला आहे. 2017 च्या मे महिन्यात तेथे सुमारे 200 विजेच्या टॅक्सी आणि इतर वाहने मोठ्या थाटात रस्त्यावर आली. वर्ष उलटण्यापूर्वीच कित्येक चालक ती परत करून डिझेलकडे जाऊ लागले. चार्जर थोडे, रांगा तासन् तासांच्या; दिवसाच्या कमाईचे तास रांगेत गेल्यावर चालकाने करावे तरी काय? त्यांची मोटार रात्री ज्या गल्लीत उभी राही तेथे भिंतीत सॉकेट नव्हता.

पाहुणा म्हणून जाणाऱ्याला तो बहुधा मिळतो. दिवाळीला रायपूरहून आलेले कुटुंब हल्ली दाराशी उतरताच पाणी मागण्याआधी पंधरा अँपिअरचा सॉकेट कोठे आहे हे विचारते, आणि यजमान कपड्यांच्या यंत्राची पिन काढून जागा करून देतात. रात्रभरात वीस-पंचवीस युनिटे जातात. त्यांचे पैसे देऊ केले तर यजमानांना राग येतो. त्यामुळे मिठाईचा पुडा पूर्वी अर्ध्या किलोचा नेत, तो आता एक किलोचा नेण्याची पद्धत पडू लागली आहे.