घरशोधाच्या अ‍ॅपमधील शब्द आणि वापरसुलभता

मोबाइलवरील एखादे अ‍ॅप वापरण्यास सुलभ आहे किंवा नाही, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्याच्या कक्षेतला मानला जातो. बटणाचे स्थान, अक्षरांचा आकार, पडदा उघडण्यास लागणारा वेळ ह्यांची चर्चा पुष्कळ होते. त्या बटणावरील शब्द वाचून वापरणाराच्या मनात कोणता अर्थ उमटतो, हे मात्र बहुधा गृहीतच धरले जाते. घरांच्या जाहिराती दाखविणाऱ्या अ‍ॅपांच्या बाबतीत ह्या गृहीताची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आयएसओ ९२४१-११ ह्या मानकात (१९९८, सुधारित २०१८) वापरसुलभतेचे तीन घटक सांगितले आहेत: कार्य सिद्धीस जाणे, ते अल्प श्रमात होणे आणि वापरणाराचे समाधान होणे. तथापि हे तिन्ही विशिष्ट वापरणारा, विशिष्ट उद्दिष्ट व विशिष्ट परिस्थिती ह्यांच्या संदर्भातच मोजावयाचे असतात. भाषा ही ह्या परिस्थितीचाच एक भाग होय.

‘दोन खोल्यांची जागा’ हा प्रयोग घ्या. मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांतील बोलण्यात त्याचा अर्थ बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, एवढाच असतो. उलट अ‍ॅपमधील ‘२ बीएचके’ म्हणजे दोन बेडरूम, व त्याखेरीज हॉल आणि किचन. मोजण्याची वस्तूच बदलली आहे. परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या समजुतीप्रमाणे ‘२’ हा आकडा दाबला, पुढे आलेल्या किमती पाहिल्या, आणि आपल्या शिलकीत ह्या शहरात घर होणे नाही, असे ठरवून फोन खाली ठेवला. त्यांना हवी असलेली जागा ‘१ आरके’ ह्या नावाखाली, दोन बोटांच्या अंतरावर होती. आकड्याखाली ‘२ बेडरूम + हॉल + स्वयंपाकघर’ अशी एक ओळ असती तर हा घोटाळा टळला असता. ‘शयनगृह’ असा संस्कृत प्रतिशब्द योजून मात्र काहीच साधत नाही. तो शब्द घराघरांत कोणी बोलत नाही.

क्षेत्रफळाचा प्रश्न ह्याहून बिकट आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ‘कार्पेट एरिया’ची व्याख्या निश्चित केली. सदनिकेतील प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन तीत येते. आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते, बाहेरच्या भिंती, स्वतंत्र बाल्कनी व गच्ची वगळली जाते. तरीही जुन्या घरांच्या पुनर्विक्रीच्या जाहिरातींत ‘सुपर बिल्टअप’ हे माप आढळतेच, आणि त्यात जिना, लिफ्ट इत्यादी सामाईक जागांचा हिस्साही मिसळलेला असतो. समजा, ८० लाखांच्या घराचे सुपर बिल्टअप क्षेत्र १,००० चौरस फूट आणि कार्पेट ७०० आहे. पहिल्या हिशेबाने दर ८,००० रुपये पडतो, दुसऱ्याने सुमारे ११,४२९. दोन घरे दोन मापांनी एकाच यादीत मांडली, की ‘स्वस्त प्रथम’ हा क्रम निरर्थक ठरतो. मराठी संज्ञा येथे साहाय्य करील असे वाटते, परंतु ‘चटईक्षेत्र’ हा शब्द कार्पेट एरियासाठीही रूढ आहे आणि ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ ह्या नगररचनेच्या संज्ञेतही, जेथे त्याचा रोख भूखंडावरील एकूण बांधकामाकडे असतो. म्हणून मापाचे नाव आकड्याशेजारीच, प्रत्येक घराच्या चौकटीत हवे. ते आत कोठेतरी दडवणे मला तरी अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता स्थलनामे. रोमन लिपीत ‘वडगाव’ दोन निरनिराळ्या आद्याक्षरांनी लिहिले जाते, आणि ‘ळ’ला तर स्वतंत्र अक्षरच नाही; शोधयंत्राने हे पर्याय एकत्र धरले पाहिजेत. ते तंत्रदृष्ट्या अवघड नाही. अधिक सूक्ष्म अडचण नामांच्या रचनेत आहे. मराठी ग्रामनामांत भेद दाखविणारे पद बहुधा शेवटी येते: आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द. (फारसीतील ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरला आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटा, ह्यांची ही रूपे.) अरुंद पडद्यावर नाव मावेनासे झाले, की कापला जातो तो शेवटच. पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगड रस्त्यालगत असलेले वडगाव बुद्रुक आणि ईशान्येस नगर रस्त्याकडचे वडगाव शेरी ह्यांच्यामध्ये सारे शहर पसरले आहे. यादीत मात्र ‘वडगाव…’ एवढेच एकाखाली एक दोनदा दिसते.