स्प्रिंगची हवाई बंदूक आणि अचूक नेम

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेले आहे. मुंबईत नेम जमविलेली स्प्रिंगची हवाई बंदूक तेथे नेली आणि छर्रे इतस्ततः लागू लागले, की नवशिका प्रथम तेथील विरळ हवेस दोष देतो आणि नंतर बंदुकीस. हे दोन्ही आरोप बहुधा निराधार असतात.

सेकंदास 175 मीटर वेगाने सुटलेला छर्रा 10 मीटरवरील लक्ष्य सुमारे 0.06 सेकंदात गाठतो. तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. वाटेतील हवा एकदशांशाने विरळ झाली, तरी ह्या घसरणीत पडणारा फरक मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपासच राहतो. छर्रा सुटण्याचा वेगही उंचीमुळे किंचित बदलू शकेल. परंतु असे बदल प्रत्येक छऱ्यास सारखेच लागू पडतात. सर्व छर्रे एकाच बाजूस सरकले असतील, तर नेम साधण्याची खाच सरकवून दोष दूर होतो. छर्रे विखुरत असतील, तर मात्र कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण बंदुकीच्या पोटातच आहे. चाप ओढताच दाबलेली स्प्रिंग मोकळी होऊन दट्ट्यास वेगाने पुढे ढकलते आणि त्याच क्षणी बंदूक मागे सरते. पाव किलोग्रॅमचा दट्ट्या 80 मिलिमीटर पुढे धावला, तर साडेतीन किलोग्रॅमची मोकळी बंदूक पाच-सहा मिलिमीटर मागे जाईल. पुढे दाबलेल्या हवेवर दट्ट्या अडतो आणि बंदुकीस उलट दिशेने हिसका बसतो. हे सारे छर्रा नळीतून पुरता बाहेर पडण्यापूर्वीच घडते! एक मीटर लांबीच्या बंदुकीचे टोक ह्या अवधीत मिलिमीटरच्या दशांशाने जरी कलले, तरी 10 मीटरवर एक मिलिमीटरची चूक होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील लक्ष्याच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

म्हणून ही हालचाल बळाने दडपू नये. ती दर वेळी एकसारखी होऊ द्यावी. गाड्यावरील तोफ जशी मोकळेपणी मागे सरते, तशी बंदूक उघड्या तळहातावर विसावू द्यावी. हाताची जागा बदलू नये, दस्ता खांद्यास हलकेच टेकवावा आणि नळी दगडावर वा टेबलावर टेकवू नये. चाप हळूहळू दाबावा व छर्रा लागेपर्यंत नजर हलवू नये. दस्त्याचे स्क्रू घट्ट असावेत आणि चेपलेले छर्रे बाजूस काढावेत. दट्ट्याच्या पोकळीत तेलाचा अतिरेक झाल्यास ते हवेच्या दाबाने तापून पेटते व वेग अनियमित होतो. छर्रा न भरता चाप ओढू नये, कारण दट्ट्या पुढे जाऊन आदळतो.

जर्मनीतील फाइनवेर्कबाऊ कारखान्याने आपल्या 300 क्रमांकाच्या बंदुकीत नळी व यंत्रभाग रुळांवर सरकता ठेवून हाच प्रश्न सोडविला. 1984 साली हवाई बंदुकीस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. आज तेथे आधीच भरलेल्या दाबयुक्त हवेच्या बंदुका वापरतात. त्यांत असा हिसका जवळजवळ नसतो. परंतु साध्या स्प्रिंगच्या बंदुकीवर ज्याचा हात बसला, त्यास चूक लपविता येत नाही, आणि हीच तिची शिकवण होय.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. हा लहानसा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. लक्ष्यामागे छर्रा अडेल असा भक्कम आडोसा असल्याखेरीज बंदूक भरू नये.