साडेतीन केबीची शाळा

आजोबांचं यंत्र

लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचे (ऑपरेटिंग सिस्टिमचे) जनक लिनस टोरवाल्ड्स हे फिनलंडमधल्या हेलसिंकीचे. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लिओ ट्यॉर्नक्विस्ट तिथल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. १९८१च्या सुमारास त्यांनी कमोडोर कंपनीचा व्हिक-२० हा घरगुती संगणक घेतला. लिनस तेव्हा अकरा वर्षांचा. आजोबा प्रोग्रॅम कागदावर लिहीत आणि नातवाला जवळ बसवून त्याच्याकडून ते टाइप करून घेत.

त्या यंत्रात काय होतं?

फार काही नव्हतं. मेमरी पाच केबी. त्यातली जेमतेम साडेतीन केबी वापरणाऱ्याच्या वाट्याला येई. हा लेखसुद्धा तेवढ्या जागेत मावला नसता. पडद्यावर एका ओळीत २२ अक्षरं बसत. पण बटण दाबलं की समोर थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा हजर! आज्ञा टाइप करायची, उत्तर लगेच पडद्यावर. यंत्र वापरणं आणि त्याला शिकवणं यांत भिंतच नव्हती. माझ्या मते त्या काळच्या घरगुती संगणकांचं खरं मोठेपण यातच आहे.

लिनस बेसिकवर थांबला नाही. यंत्रातल्या ६५०२ प्रोसेसरला तो थेट मशीन कोडमध्ये, निव्वळ आकड्यांत, आज्ञा देऊ लागला. इतकं छोटं यंत्र एका मुलाला मुळापासून समजून घेता येतं. आजच्या मोबाइलबद्दल तसं म्हणता येणार नाही.

टंचाईचा फायदा

पुढे त्यानं सिंक्लेअर क्यूएल हा संगणक घेतला. फिनलंडमध्ये त्याचं सॉफ्टवेअर सहजी मिळत नसे. मग प्रोग्रॅम लिहायचा एडिटर स्वतः लिहिला, आज्ञांचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा असेंब्लरही लिहिला, संगणकाच्या प्रणालीतही हात घातला. बाजारात सगळं तयार मिळालं असतं, तर ही मेहनत करायचं कारणच उरलं नसतं.

१९९१च्या जानेवारीत त्यांच्याकडे ३८६ प्रोसेसरचा पीसी आला आणि २५ ऑगस्टला टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजेच लिनक्सची, घोषणा केली. प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट हे सॉफ्टवेअरही २००५मध्ये त्यांनीच लिहिलं.

आपल्या घरात

अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात आज लिनक्सच आहे, पण फोन सुरू केल्यावर मुलांसमोर येतात ती तयार अ‍ॅप. घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स घाला, ते मोफत मिळतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडून द्या आणि पहिला प्रोग्रॅम मुलांना स्वतःच्या हातानं टाइप करू द्या.