गळाच्या दोरीची निवड

ज्या घरात मासळीचा वासही वर्ज्य, त्या घरातून गळाच्या दोरीविषयी लेख यावा याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे; तेव्हा हा विषय संस्कृत वाङ्मयास परका नव्हे. शिवाय मासा गळास लावावा, डोळे भरून पाहावा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, असा छंद आजकालच्या तरुणांत पसरला आहे, आणि तो आमच्याही घरात शिरला आहे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही नातवाबरोबर कोकणात एका खाडीच्या मुखाशी कातळावर बसलो होतो. त्याने ऐंशी ग्रॅम वजनाचे मासोळीचे सोंग, ज्यास ही मंडळी ल्यूर म्हणतात, दूर फेकले. तिसऱ्या फेकीस मोठा जिताडा लागला. पाण्याबाहेर उसळून त्याने डोके झाडले मात्र, आणि दोरी तुटली. तीही कोठे, तर रिळापासून दोन हातांवर, जेथे सकाळी पडलेली एक बारीक गाठ नातवाने घाईत तशीच ठेवली होती. मासा तोंडात सहा आकडे आणि मागे पन्नास-साठ मीटर दोरी घेऊन खडकांत गेला. “आजोबा, दोरी तर चांगली ऐंशी पौंडांची होती,” एवढेच तो म्हणाला, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा बोलला नाही. आम्हांसही जेवण गोड लागले नाही. सोडून देण्याच्या बोलीवर धरलेला जीव असा बांधून पाठविणे, हा कोणता विनोद?

तेव्हापासून आम्ही या दोरीचा अभ्यास आरंभिला. संस्कृतात दोरीच्या पेडासही ‘गुण’च म्हणतात, तेव्हा हिचे गुण मोजणे हे आमच्या जुन्या व्यवसायास धरूनच झाले.

ही विणीची दोरी पॉलिएथिलीनची, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या भावकीतली. फरक इतकाच की, हिच्यातील रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब असून तंतू ओढताना त्या एका दिशेने सरळ केलेल्या असतात. त्यामुळे ती सारख्याच जाडीच्या तंगुसाहून पुष्कळ बळकट होते, आणि पाण्याहून किंचित हलकी असल्याने तरंगते. तिचा मोठा गुण म्हणजे ती फारशी ताणत नाही. नायलॉनची तंगूस तुटण्यापूर्वी शंभरास पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक वाढते, तर ही जेमतेम तीन-चार. म्हणून पन्नास मीटरांवरची माशाची चाहूल बोटास तत्काळ कळते आणि जड आकडाही जबड्यात नीट रुततो. परंतु हाच तिचा दोष. तंगूस हिसका अर्धा आपल्या अंगावर घेते. ही सारा हिसका गाठीवर लोटून मोकळी होते. जड ल्यूर फेकताना दोरी मध्येच अडकली, तर ल्यूर बंदुकीच्या गोळीसारखे सुटते आणि दोरी बोट कापते. तर्जनीस चामडी अंगुस्तान हवेच.

आता वेष्टनावरील आकड्यांकडे वळू. पौंडांचा आकडा (आमचे वडील ज्यास रत्तल म्हणत) हा विक्रेत्याच्या उत्साहावर अवलंबून असतो, असे आमचे मत झाले आहे. ऐंशी पौंड म्हणजे ३६ किलो. आम्ही प्रवासी सामान तोलावयाचा काटा खुंटीस अडकवून उरलेली दोरी गाठ मारून हळूहळू ओढली. तीन वेळा ओढली, आणि तिन्ही वेळा ती १९ किलोंच्या आतच तुटली.

त्यापेक्षा जपानी क्रमांक विश्वसनीय, कारण तो जाडीचा आहे. क्रमांक १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर. येथे मुले हटकून चुकतात. क्रमांक ४ ची दोरी चौपट जाड नसते, दुप्पट असते, म्हणजे ०.३३ मिलिमीटर, कारण क्रमांक व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. बळ छेदाच्या क्षेत्रफळात असते, हे ज्यास भूमितीत पटले त्यास दुकानात कोणी फसवू शकणार नाही. ०.२५ मिलिमीटरच्या दोरीवर कोणी ऐंशी पौंड छापले असतील, तर ती परत ठेवावी.

पेड चार असावे की आठ? आठ पेडी दोरी गोल व गुळगुळीत. ती कड्यांतून आवाज न करता लांब जाते. चार पेडी खरखरीत, पण तिचा एकेक पेड जाड असल्याने घासणीस थोडी अधिक टिकते आणि स्वस्तही पडते. आम्ही नातवास आठ पेडी घेऊन दिली, कारण कातळाशी झुंजण्याचे काम मुळी या दोरीचे नव्हेच. पॉलिएथिलीन खडकावर घासले की लगेच तंतू सोडते. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडही पात्यासारखी असते. म्हणून पुढे एक-दीड वाव जाड तंगूस जोडावी. सुरमईची अपेक्षा असेल तर तिच्या दातांसाठी शेवटी वीतभर तार.

आणि येथेच आमच्या अभ्यासाचे सार आहे. पुष्कळ जण तंगूस दोरीहून बळकट घेतात. आम्ही उलट केले: दोरी ६५ पौंडांची, क्रमांक ४ ते ५ च्या दरम्यान, आणि तंगूस ५० पौंडांची. तुटण्याची वेळ आलीच, तर ल्यूरच्या गाठीशी तुटेल आणि मासा पन्नास मीटर न कुजणारी दोरी ओढीत फिरणार नाही. रिळाचा ब्रेकही मग तंगुसाच्या हिशेबाने, तिच्या बळाच्या चौथाईवर, म्हणजे साडेपाच किलोंच्या सुमारास, काट्यानेच लावावा. शंभर पौंडांची दोरी घ्यावी असा नातवाचा आग्रह होता. पण तेवढी जाड दोरी वाऱ्यात फुगते, ल्यूर जवळच पडते, आणि ब्रेक आवळून ठेवला तर काठी मोडेल किंवा शेवाळलेल्या कातळावरून मनुष्यच पाण्यात जाईल. हातास दोरी गुंडाळून ओढू नये, हे तर निक्षून सांगावे लागते.

बारीकसारीक सांगावयाचे तर, रिळावर प्रथम थोडी तंगूस गुंडाळावी, नाहीतर ही निसरडी दोरी भरलेल्या रिळासह गरगर फिरते. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. दोरीत आपोआप पडलेली गाठ दिसताच, मासा लागत असला तरी, थांबून तेवढा भाग कापून टाकावा आणि तुकडे खिशात घालून घरी आणावेत.

माघात आम्ही पुन्हा त्याच कातळावर गेलो. दोन दिवसांत नातवाने तीन वेळा दोरी कापून नव्याने जोडली. दुसऱ्या संध्याकाळी हातभर लांबीचा एक जिताडा आला. आकडा काढून त्यास पाण्यात उभा धरला, तेव्हा त्याने शेपटी मारून आम्हां दोघांस भिजविले आणि तो गेला. नेलेली चारही ल्यूरे परत आली. सामान तोलावयाचा काटा मात्र खाऱ्या हवेने गंजला, आणि सूनबाईंनी नवा मागितला आहे.