जीपचा झिजलेला मागील डिफरन्शियल

चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा वाहणाऱ्या जुन्या जीपचा मागील डिफरन्शियल कण्हू लागला, म्हणजे प्रथम तेल पाहावे. पुष्कळदा सील गळून ते उतरलेले असते. आवाज केवळ वळणावर येत असेल, तर दोष बहुधा आतील लहान दातेरी चक्रांत असतो व खर्च थोडक्यात भागतो. क्राउन-पिनियन झिजले असल्यास मात्र दोन्ही एकदम बदलावीत. ती जोडीनेच जुळविलेली असतात.

भंगारातील स्वस्त जोडी घेताना खरा घात होतो. जीपच्या जोड्या ४३ ला ८ दात, म्हणजे ५.३८, तशाच ३९ ला ८, म्हणजे ४.८८, अशाही असतात. पुढील व मागील प्रमाण भिन्न असता चारही चाकांची चाल जोडली, की चाके परस्परांस ओढू लागतात. चिखलात हा ताण घसरून सुटतो. डांबरी सडकेवर तो सुटत नाही आणि ट्रान्सफर गिअर निकामी होतो.

यास्तव पुढचे प्रमाण आधी तपासावे. चारही चाकांची चाल सोडवून पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत व दोघांनी मिळून ती बरोबरच एक फेरा फिरवावीत. प्रोपेलर शाफ्टचे फेरे पाचांहून अधिक भरल्यास प्रमाण ५.३८, किंचित कमी भरल्यास ४.८८ समजावे.