उशिरा शिकलेला उतार

‘उतार’ हा मराठीतील मोठा सोशिक शब्द होय. डोंगराचा उतार, तापाचा उतार आणि उतारवय हे तिन्ही अर्थ तो निमूटपणे वाहतो. चाळिशीतील मनुष्य डोंगरउताराच्या सायकलशर्यतीकडे वळला, की त्यांपैकी पहिला व तिसरा अर्थ एकत्र येतात आणि ‘आता उशीर झाला’ असे म्हटले जाते. उशीर नेमका कशाला झाला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत जोडीने पूर्ण केली. तेथे कस लागतो तो दमाचा, आणि दम प्रौढ वयातही सरावाने वाढतो. उताराच्या शर्यतीचे तसे नाही. ऑक्टोबर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्सजवळ सुरू झालेल्या ‘रीपॅक’ शर्यतीत एका उतरणीतच ब्रेकमधील वंगण जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. नाव पडले ते त्यावरून. सारा निकाल काही मिनिटांत लागे.

प्रौढाची खरी अडचण भाषाशिक्षणाच्या उदाहरणाने उमगते. हिंदीभाषक प्रौढ मराठीचे शब्द व नियम झपाट्याने शिकतो. अडतो तो ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील चकारांच्या भेदापाशी. दोष जिभेला दिला जातो. वस्तुतः तो भेद प्रथम कानाने टिपावयाचा असतो. लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषार्जनाला पौगंडावस्थेची मर्यादा घातली खरी, परंतु ती भाषेच्या सर्व अंगांना सारखी लागू पडत नाही, असे पुढील अनेक अभ्यासकांचे मत पडले.

उतारावर कानाची जागा डोळा घेतो. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील जांभ्याच्या वाटांवर, सुट्या खड्यांवरून उतरणारा नवशिका चाकापुढचाच दगड पाहतो. तो भितो, मागे रेलतो. पुढच्या चाकावरील भार घटतो आणि नेमके तेच चाक वळणावर घसरते. शिवाय टायरची जमिनीवरील पकड मर्यादित असते. ती ब्रेक दाबण्यात खर्ची पडली, की वळण्यास उरत नाही. म्हणून वेग वळणाआधी कमी करावयाचा, कोपरे सैल ठेवावयाची, भार पायांवर घ्यावयाचा आणि दृष्टी वळणापलीकडे न्यावयाची. हे नियम एका संध्याकाळी पाठ होतात. डोळ्याची जुनी सवय सुटण्यास मात्र काही हंगाम जातात. चाळिशीत मोडलेले हाड विशीतल्यासारखे झटपट सांधत नाही, तेव्हा ही सवय आखूड, ओळखीच्या उतारावर पुनःपुन्हा उतरूनच मोडणे इष्ट. मुरलेले स्पर्धकही शर्यतीपूर्वी सारी वाट पायी उतरून पाहतात. कंटाळा येतो तो नवशिक्यांना.