सणांचा बाजार आणि तोट्याचा धनी

२७ नोव्हेंबर २०१३ हा अमेरिकेतील 'थँक्सगिव्हिंग'च्या आदला दिवस. नाताळपर्यंत चालणाऱ्या खरेदीच्या हंगामाचा तो उंबरठाच म्हणावयाचा. त्याच दिवशी 'टार्गेट' या अवाढव्य दुकानसाखळीच्या गल्ल्यावरील यंत्रांत दडवलेल्या एका आज्ञावलीने ग्राहकांच्या कार्डांवरील माहिती टिपण्यास प्रारंभ केला आणि १५ डिसेंबरपर्यंत ती टिपतच राहिली. सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरांच्या हाती गेला. ७ कोटींपर्यंत ग्राहकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक यांनाही पाय फुटल्याचे पुढच्या महिन्यात उघड झाले.

चोर शिरले ते दर्शनी दारातून नव्हे. दुकानांच्या शीतयंत्रांचे काम पाहणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराला कंपनीच्या संगणक-जाळ्यात कामापुरता प्रवेश दिलेला होता. त्याचा परवलीचा शब्द चोरांनी आधीच लांबवला होता. वाड्याला भक्कम दिंडीदरवाजा असावा आणि पाणक्याच्या वाटेला कडीच नसावी, त्यातला हा प्रकार. परंतु या प्रकरणातील खरी बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. कंपनीने १६ लाख डॉलर खर्चून जो यांत्रिक पहारेकरी नेमला होता तो झोपलेला नव्हता. ३० नोव्हेंबरला आणि पुन्हा २ डिसेंबरला त्याने इशारे दिले. बंगळुरू येथील पाळतकक्षातील कर्मचाऱ्यांनी ते मुख्यालयाकडे पोचवलेही, असे 'ब्लूमबर्ग बिझनेसवीक'ने मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. या हालचालींची तपासणी आपण केली होती, मात्र तातडीने काही करावे असे त्या वेळी वाटले नाही, असे कंपनीने नंतर सांगितले.

हा निव्वळ गलथानपणा होता, असे म्हणून विषय संपवता येईल. पण अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात एक हिशेब दिसतो. ऐन गर्दीत, केवळ संशयावरून गल्ला बंद ठेवावा तर त्या तासाचा तोटा निश्चित आणि आपला. उलट चोरी खरी ठरलीच तर तिचा तोटा अनिश्चित आणि पुष्कळसा इतरांचा. असा हिशेब कोणी कागदावर मांडून करत नाही; पण हंगामाच्या धामधुमीत तो आपोआप होतो. मोठ्या कंपन्यांत तर असा प्रघातच आहे की, हंगामापूर्वी काही आठवडे संगणकव्यवस्थेत कोणताही अनावश्यक बदल करावयाचा नाही, न जाणो विक्री अडेल. त्यामुळे नव्याने सापडलेली भोके बुजवण्याचे कामही लांबणीवर पडण्याचा धोका राहतो. त्यात हंगामी नोकर नवखे, कायमचे रजेवर, आणि मागण्यांचा पूर असा की त्यात खोटी मागणी खरीसारखीच दिसावी. चोराला याहून अधिक काय हवे? अमेरिकेच्या 'एफबीआय'ने आणि सायबर-सुरक्षा विभागाने ऑगस्ट २०२१ मध्ये सुट्ट्यांच्या काळातील हल्ल्यांविषयी मुद्दाम संयुक्त इशारा दिला, तो उगाच नव्हे.

आता तोटा कोणी सोसला ते पाहावे. 'टार्गेट'च्या त्या तिमाहीच्या नफ्यात ४६ टक्क्यांची घट झाली, मुख्याधिकाऱ्याला मे २०१४ मध्ये पद सोडावे लागले. हे खरेच. पण पुढील काही वर्षांत या प्रकरणाचा एकूण खर्च कंपनीच्या हिशेबात २९ कोटी २० लाख डॉलर पडला आणि त्यातील ९ कोटी विम्यातून परत मिळाले. सुमारे ७,२०० कोटी डॉलरच्या वार्षिक विक्रीच्या तुलनेत उरलेली रक्कम शेकडा ०.३ देखील भरत नाही. उलट नवी कार्डे छापून वाटण्याचा जो भार बँका आणि पतसंस्थांवर पडला, त्याचा त्यांच्या संघटनांनी २०१४ च्या आरंभी केलेला अंदाजच २० कोटी डॉलरच्या वर गेला होता. ज्यांच्या दुकानात चोरी झालीच नव्हती, त्यांनी ही किंमत मोजली.

चोरलेली कार्डे इतकी उपयोगी पडली, कारण अमेरिकेत तेव्हा साध्या चुंबकीय पट्टीचीच कार्डे बहुतांशी चालत असत. युरोपात चिपची कार्डे कैक वर्षे रुळली होती. अमेरिकेत मात्र खर्च कोणी करावयाचा यावर बँका आणि दुकानदार यांची वर्षानुवर्षे ओढाताण चालली. ती सुटू लागली ती उपदेशाने नव्हे. १ ऑक्टोबर २०१५ पासून कार्ड-कंपन्यांनी नियम केला की, दोन पक्षांपैकी ज्याने चिपची सोय केली नसेल त्याने बनावट कार्डाचा तोटा सोसावयाचा. त्यानंतर दुकानांतून नवी यंत्रे झपाट्याने दिसू लागली. तोट्याचा धनी ठरला आणि कुलूप बदलले.

चोरही या काळात शहाणे झाले. माहिती चोरून विकण्यापेक्षा विक्रीच अडवून खंडणी मागणे त्यांना अधिक सोयीचे वाटू लागले. २०२५ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, ब्रिटनमधील 'मार्क्स अँड स्पेन्सर'वर असाच घाला पडला. त्या कंपनीच्या अध्यक्षांनी पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितल्याप्रमाणे हल्लेखोर दुसऱ्याच्या नावाची बतावणी करून, एका तिऱ्हाईत संस्थेच्या मार्गाने आत शिरले. म्हणजे पुन्हा मागचेच दार! इंटरनेटवरील मागण्या २५ एप्रिलपासून सुमारे दीड महिना बंद राहिल्या आणि नफ्यावरील आघाताचा कंपनीचा पहिला अंदाज ३० कोटी पौंडांचा होता. येथे तोटा मुख्यतः स्वतःचाच असल्याने अशा कंपन्या यापुढे जाग्या राहतील, असे मानावयास हरकत नाही.

भारतात या बाबतीत एक गोष्ट निश्चित चांगली झाली आणि तिची वाखाणणी फारशी होत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन दुकानदारांना ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक स्वतःकडे साठवण्यास मनाई केली. त्यांच्याऐवजी त्या दुकानापुरताच चालणारा सांकेतिक क्रमांक आला. तिजोरी अभेद्य करण्याचा हा खटाटोप नव्हे. तिजोरीत ठेवावयाचा ऐवजच कमी केला. ग्राहकाच्या बाजूनेही, बँकेचा वा त्याचा स्वतःचा दोष नसताना खात्यातून रक्कम गेली आणि त्याने कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर भार पडू नये असे जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले.

या साऱ्या व्यवस्थेत जो कोठेच बसत नाही तो लहान विक्रेता. घरी फराळ करून मोबाइलवर मागण्या घेणारी गृहिणी किंवा येवल्याहून थेट पैठण्या पाठवणारा विणकर यांची वर्षाची निम्मी कमाई दिवाळीच्या तीन आठवड्यांत व्हावयाची. रवा, बेसन, तूप, रेशीम यांचे भांडवल बहुधा उसने. अशा वेळी तिच्या दुकानाचे समाजमाध्यमावरील खाते कोणी बळकावले, तर दाद मागावयाची ती यंत्राने लिहिलेल्या उत्तरांकडे. पैसे जमा झाल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणारेही याच दिवसांत फावतात. तिने व्यवसायाचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे, परवलीच्या शब्दाला दुसऱ्या पडताळणीची जोड द्यावी, बँकेच्या नोंदीत रक्कम दिसल्याखेरीज डबा हलवू नये, हे सांगणे योग्यच आहे. परंतु तेवढ्याने एक संकट टळत नाही.

ते संकट असे. कोणा फसवलेल्या माणसाचे पैसे भामट्याने यूपीआयवरून खर्च केले आणि त्यातले चार-पाचशे रुपये फराळापोटी या गृहिणीकडे आले. फसवला गेलेला माणूस तक्रार करतो. पैशाचा माग काढत पोलिसांचे पत्र, पुष्कळदा परप्रांतातून, बँकेकडे येते आणि तिचे सबंध खाते गोठते. तिने माल दिला, पैसे घेतले, एवढाच तिचा संबंध. अशी गाऱ्हाणी उच्च न्यायालयांपर्यंत गेली. गोठवणूक वादग्रस्त रकमेपुरतीच असावी असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. चोराला पकडण्याची घाई समजण्याजोगी आहे. पण येथे तोट्याचा धनी ठरवताना सर्वांत दुबळा खांदा निवडला जातो.

न्यायालयाने सांगितलेली मर्यादा बँकांनी आणि पोलिसांनी आपण होऊन पाळावी, रक्कम गोठवताच खातेदाराला कारण आणि तपास-अधिकाऱ्याचे नाव कळवावे, आणि विक्रीची पावती दाखवणाऱ्याच्या अर्जाचा निकाल आठवड्याच्या आत द्यावा, एवढे तरी सणापूर्वी ठरावयास हवे. ज्या माध्यमांवर हा व्यापार चालतो, त्यांनीही हंगामात दाद घेण्यास माणूस बसवावा. भाऊबीज झाली की फराळाच्या मागण्या थांबतात. खाते मोकळे झाल्याचे पत्र डिसेंबरात आले, तर वाण्याची उधारी तोवर थांबत नाही.